स्लॅबवरचं पाणी

बांधकाम बंद पडून वर्षं लोटली, पाण्याची लाइनही कापली, तरी सातव्या मजल्याचा स्लॅब रोज सकाळी ओलाच. जिन्यातून ठिबकत पाणी थेट खाली वॉचमनच्या खुर्चीपर्यंत यायचं.

नवा वॉचमन वैतागला, तेव्हा जुन्याने मान खाली घालून सांगितलं, “मुकादमाने एका मजुराला बजावलं होतं, मी ‘बास’ म्हणेपर्यंत स्लॅबला पाणी मारायचं. दुपारी अचानक काम थांबलं, सगळे निघून गेले. त्याला सांगायचं राहिलंच. अंधार पडला तरी बिचारा पाणी मारत होता. तोल जाऊन पडला.”

“एवढंच ना!” नव्याने वर बघून हाक दिली, “बास रे बाबा, उतर खाली!”

ठिबकणं थांबलं. पायऱ्यांवर ओली पावलं उमटत खाली आली आणि जुन्या वॉचमनसमोर थांबली.



“मुकादम, जाऊ का आता घरी?”