हेडफोनचा कस

"मानवजातीने तीनच खरे शोध लावले: अग्नी, चाक आणि हे हेडफोन," असं निवृत्त पोस्टमास्तरांनी आपल्या ब्लॉगवर लिहिलं आणि ते मानवजातीच्या अभिप्रायाची वाट पाहू लागले. मानवजात म्हणजे 'निःपक्ष' या नावाने लिहिणारा एकुलता एक वाचक. गेली तीन वर्षं मास्तरांनी कीबोर्डपासून राउटरपर्यंत ज्याची ज्याची तळी उचलली, त्या प्रत्येक लेखाखाली त्याची दाद ठरलेली.

घरात मात्र कदर शून्य. "अहो, त्या लेखांपायी मान मोडून घ्याल," बायको कालच म्हणाली होती.

"तुला काय कळतंय त्यातलं? जगात एक माणूस आहे, त्याला माझी किंमत आहे."

"असू दे हो. एक तरी आहे!"

आज भाजीला निघताना ती दारातून काहीतरी बोलली. ओठ हलले, आवाज नाही. मास्तर हरखले. चिंतनात व्यत्यय नको म्हणून तिच्यामागे त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि लेखात भर टाकली, 'समोरचं माणूससुद्धा ऐकू येत नाही!'

तासाभराने कानात टिंग झालं. निःपक्ष आला होता.

'लेख नेहमीप्रमाणे फक्कड. हेडफोनबद्दलचा आपला दावा मी वीस मिनिटं बेल वाजवून जातीने पडताळला. शंभर टक्के खरा निघाला. आता तेवढी कडी काढता का? पिशवी जड आहे.'