नुसता पेला धरायचा

"काकू, तुम्ही सांगा. कुठला घ्यायचा?"

सावनीने दोन बाटल्या विद्युलताबाईंच्या पुढे धरल्या. एकीचं टोपण लाल, एकीचं निळं. दोन्हींत हार्डनरच. लाल टोपणाचा रेझिनला झटकन घट्ट करणारा, निळ्याचा सावकाश.

विद्युलताबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, टोपणं वाचता येत होती. अग्निनक्षत्र लागून चार दिवस झालेले. गच्चीवर पत्र्याखाली सकाळी नऊलाच अंग भाजत होतं. असल्या दिवसांत चेन्नईत लाल टोपणाला हात लावायचा नाही, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं.

"मज काय विचारतेस?" त्या म्हणाल्या. "मी चौथी नापास. शिकलेली तू. तूच पाहून घे."

एकोजीराव हसले. "रागावली की हिची शाळा निघते."

"पुण्यात मी लालच वापरायचे," सावनी म्हणाली. "दोन-तीन तासांत होडी साच्याबाहेर. रविवारी शर्यत आहे, काका. निळ्याने उगाच दोन दिवस जातील."

"लाल तर लाल."

पुण्यात लोक स्वेटर घालतात, हे विद्युलताबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

सावनीने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि हत्यारं मांडायला घेतली. वीस वर्षं ही मांडणी विद्युलताबाईंची होती. एकोजीराव एन्नोरच्या वीजकेंद्रात होते तेव्हापासून शर्यतीच्या हातभर लांबीच्या होड्या बनवायचे. काचेचं कापड त्यांनी साच्यात बसवायचं, रेझिन बायकोने कालवायचं. आता कापड कार्बनचं आलं होतं. वरच्या मजल्यावरची ही भाडेकरू, शोळिंगनल्लूरच्या कंपनीतली, सिंगापूरहून ते घेऊन आली होती. तेव्हापासून घरात सांबारात मीठ कमी पडलं तरी कोणाला कळत नव्हतं.

"हा ब्रश नको, काका. केस गळतात." विद्युलताबाईंचा ब्रश बाजूला गेला.

"ही कात्रीपण नको. कार्बनवर धार टिकणार नाही." कात्री गेली.

त्यांच्या जागी खाचांचा लोखंडी रूळ आला, रबरी पट्टी आली, ग्रॅम दाखवणारा काटा आला. एकोजीराव एकेक वस्तू फिरवून फिरवून बघत होते. लग्नात त्यांनी बायकोला इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

"काटा कशास?" विद्युलताबाईंनी विचारलं. "मी डोळ्यांनीच घालत होते."

"म्हणून तर आपली होडी जड व्हायची," एकोजीराव म्हणाले. अगदी सहज म्हणाले.

सावनीने रेझिन तोललं, हार्डनर तोलला, आणि सगळं एकदाच एका उभट पेल्यात कालवलं. विद्युलताबाई थोडं थोडं कालवायच्या, तेही पसरट ताटलीत. उभ्या पेल्यात ते आपल्याच उबेने तापत जातं. पण हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"काकू, तुम्ही नुसता पेला धरा हं. आम्ही दोघं कापड बसवतो."

आम्ही दोघं.

विद्युलताबाईंनी पेला धरला. ती दोन डोकी साच्यावर वाकली. सावनी पेल्यातून घ्यायची, ओतायची, एकोजीराव रूळ फिरवायचे.

"काका, काय हलका हात आहे तुमचा!"

"तंजावरचा हात आहे, पोरी."

त्याच हाताने घरात महिन्याला एक कप फुटत होता.

पेला कोमट झाला. विद्युलताबाईंनी तो दुसऱ्या हातात घेतला. अर्धी होडी काळी, ओली झाली होती, अर्धी अजून कोरडी. मग पेला चांगलाच ऊन लागायला लागला. आत्ता ताटलीत ओतलं असतं तर वाचलं असतं. एक शब्द पुरे होता.

"गेल्या खेपेला शेवटचा आलो होतो," एकोजीराव म्हणाले. "सावनी, या खेपेला तू मला पहिला आणणार बघ."

विद्युलताबाईंनी पदर दुमडून पेल्याखाली धरला आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कावळ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

धूर सावनीने पाहिला.

"अय्यो! काका!"

पेल्यातलं रेझिन पिवळं पडलं, फुगलं, तडकलं. ढवळायची काडी त्यात उभीच्या उभी राहिली. रेझिनचा दुसरा डबा नव्हता. कापडही तेवढंच होतं. साच्यात पुढची अर्धी होडी चकाकत होती, मागे नुसतं कापड पडलं होतं.

सावनीचा चेहरा रडवेला झाला. "माझंच चुकलं, काका. निळा घ्यायला हवा होता. डोक्यात पुण्याची थंडी बसलेली." तिने विद्युलताबाईंच्या हातातून पेला काढून घेतला, तशी तिची बोटं पोळली. "बाप रे! काकू, तुम्हाला भाजलं नाही ना? काका, यांना काही बोलू नका हं. यांना काय कळणार, यांनी नुसता पेला धरला होता."

एकोजीरावांनी हातमोजे काढले. आधी साच्याकडे पाहिलं. मग बायकोच्या मुठीतल्या, चौघडी घातलेल्या पदराकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे.

"सावनी," ते म्हणाले, "पंचेचाळीस वर्षांत हिच्या हातून दूध एकदाही उतू गेलेलं नाही."