सव्वातीन मिनिटं

"दिवा लावू नका, भावजी," अंधारातून वहिनी म्हणाली.

धाकटा न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून उभा होता. दाराखालच्या फटीत तिने टॉवेल कोंबला होता. रोल चकतीवर चढताना होणारी कटकट तेवढी ऐकू येत होती. मग झाकण घट्ट बसल्याचा आवाज आला, दिवा लागला आणि तिच्या हातात चहाच्या डब्याएवढा काळा डबा दिसला.

आत दादाच्या कॅमेऱ्यातला रोल होता. अपघातानंतर आठ महिने कॅमेरा पोलिसांकडे पडून होता, तो गेल्या आठवड्यात परत मिळाला. रंगीत रोल धुणारं दुकान गावात उरलं नव्हतं. वहिनी शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. तिने टपालाने रसायनं मागवली, सोबतचा कागद दोनदा वाचला आणि रविवारी दुपारी गरम पाण्याची बादली घेऊन बसली. हाताशी कुणीतरी हवं म्हणून दिराला हाक मारली. तो नाही कसं म्हणणार?

शेवटचा फोटो कशाचा आहे, हे त्याला ठाऊक होतं. दादा शेजारच्या सीटवर होता. "इकडे बघ रे," म्हणाला, आणि याने मान वळवली. पुढे सायकलवाला आला. मग झाड.

जबाबात त्याने सांगितलं, गाडी दादा चालवत होता. चालवणाराच गेला म्हणून केस मिटली. सायकलवाल्याची बायको दारात येऊन दादाच्या नावाने बोटं मोडून गेली. आई मान खाली घालून ऐकत राहिली, आणि पाय प्लास्टरमध्ये घालून हा आतल्या खोलीत पडून होता.

वहिनीने डब्याच्या तोंडातून पहिलं रसायन ओतलं, बूच लावलं आणि घड्याळ पाहिलं. "सव्वातीन मिनिटं. अर्ध्या अर्ध्या मिनिटाने चार वेळा उलटंसुलटं करायचं. मग हे ओतून दुसऱ्या बाटलीतलं घालायचं. मोठं झाकण तेवढं काढू नका, उजेड लागला की सगळं गेलं." तिने डबा त्याच्या हातात दिला. "आईंची गोळी राहिलीय. आलेच."

दार लागलं. डबा कोमट होता. मोठ्या झाकणाच्या कडेला त्याचा अंगठा आपोआप गेला. नुसतं फिरवायचं होतं. हात ओले होते, निसटलं म्हणता आलं असतं. तिने विश्वासही ठेवला असता.

तीस सेकंद. त्याने डबा उलटा केला, सुलटा केला. पुन्हा अंगठा कडेशी गेला. पुन्हा तीस सेकंद झाले. दादा रोल कसा पुरवून पुरवून वापरायचा, ते त्याला आठवलं. सव्वातीन मिनिटांनी त्याने पहिलं रसायन ओतून दिलं आणि दुसरं घातलं.

मान वर केली तर वहिनी दारात उभी.

"गोळी दिली?"

"ती त्यांनी सकाळीच घेतली." तिने डब्याचं मोठं झाकण चाचपून पाहिलं. "मला वाटलं होतं, तुम्ही झाकण काढाल."

त्याने डबा बादलीतल्या पाण्यात ठेवला.

"ह्यांचा चष्मा बॅगेत सापडला होता, डबीत, साधा ओरखडाही नाही. चष्म्याशिवाय हे कधी गाडीला हात लावायचे का?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत, वहिनी?"

"आईंना एकच मुलगा उरलाय. तोही मी कसा काढून घेऊ?"

तिने आतून कडी लावली आणि पुढचं काम दोघांनी मिळून केलं. रोल धुतला, निथळला, चिमटा लावून दोरीवर टांगला. नारिंगी निगेटिव्ह पट्टीच्या टोकाच्या चौकटीत तो स्वतः होता. केस पांढरे, दात काळे, दोन्ही हात स्टिअरिंगवर. हसत होता आणि रस्त्याकडे बघत नव्हता.

दारावर टकटक झाली. "काही आलं का रे त्यात?" आईने विचारलं.

वहिनीने बादली उचलली आणि दारासमोरून बाजूला झाली.

त्याने कडी काढली. "आलंय, आई," तो म्हणाला. "तू आधी खाली बस."