चिंधूच्या चपला

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मजुरांच्या पायात टायरच्या चपला असत. चिंधूच्या फाटल्या, तशी ठेकेदार भय्याजींनी त्याला ट्रकचा झिजून गुळगुळीत झालेला टायर फुकट देऊ केला.

"भेटून राह्यला फुकट, तं घ्या ना," बायको रुक्मा म्हणाली. "ड्यूटीवर जायले नवा टायर कायले पाहिजे?"

"ड्यूटीवर जायले चालते व. पन पंधरा ऑगस्टच्या रेसचं काय? पयल्या नंबराले सायकल हाय. चिखलात पाय घसरला तं गेली!"

त्याच आठवड्यात भय्याजींच्या जीपची कोरी करकरीत स्टेपनी गायब झाली. बिचारे सगळीकडे शोधत फिरले.

पंधरा ऑगस्टला ओल्या मैदानावर बाकीचे धडाधड पडले. चिंधू तेवढा न घसरता पहिला आला. सायकल द्यायला भय्याजी कौतुकानं पुढे निघाले, पण मधेच थबकले. चिखलात उमटलेली त्याच्या पावलांची नक्षी ते वाकून बघू लागले.



"सायकल राहू द्या," भय्याजी म्हणाले. "पयला नंबर तं माह्या जीपचा आला!"