बुधवारी, चार वाजता

"पाच मिनिटं थांबू या," ग्लेनिस म्हणाली. "पेटाचे बाबाही येतायत."

पेटाची आई टॅरिन पोरीला शेजारी घेऊन बसण्यासाठी खुर्ची ओढत होती. तिचा हात खुर्चीवर तसाच राहिला.

वर्गशिक्षिका ग्लेनिस हार्कर आज खुशीत होती. मेलबर्नपासून दूर, गव्हाच्या रानातली ही छोटी शाळा. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या पालकांना वेळ देऊन भेटायचं, हा तिचा नेम. एकटी टॅरिन तेवढी हाती लागत नव्हती. कधी कामावर जादा पाळी, कधी गाडी बंद. स्टाफरूममध्ये तिच्या नावानं नाकं मुरडून झाली होती. आणि सोमवारी शाळेत एका पुरुषाचा फोन आला. आवाज मऊ. पेटाचा बाबा बोलतोय, भेटीची वेळ कधी ठरलीय? बायको सांगत नाही, आमचं जरा बिनसलंय.

"बुधवारी चार वाजता," ग्लेनिसनं उत्साहानं सांगितलं होतं. "दोघं मिळून आलात तर पोरीला बरं वाटेल."

"म्हणजे तुम्ही त्याला सांगितलंत," टॅरिन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तो गावोगावच्या शाळांना फोन करत असणार. पेटा तुमच्याकडे आहे का, असं विचारलं असतं तर कुणी सांगितलं नसतं. म्हणून वेळ विचारली."

"पण तुम्ही आम्हाला कधी काही बोलला नाहीत."

"मागच्या गावी बोलले होते. तिथूनच त्याला पत्ता कळला." तिनं डावा हात पुढे केला. तो कोपरात सरळ होत नव्हता.

पेटानं दप्तर पाठीला लावलंसुद्धा. तिला ते कुणी सांगावं लागलं नाही.

खिडकीतून दिसलं, धुळीच्या रस्त्यावरून एक पांढरा पिकअप फाटकात वळत होता.

ग्लेनिसला पुढचं सगळं पटकन सुचलं. तिनं मुख्याध्यापकांना पोलिसांना फोन करायला सांगितलं. पोलीस शेजारच्या गावाहून यायचे, त्याला अर्धा तास लागणार होता. मायलेकींना तिनं वाचनालयातून मैदानाकडे काढून दिलं. "मागच्या फाटकानं जा," ती म्हणाली. "मी त्याला बसवून ठेवते. माझ्याच्यानं तेवढं तरी होईल."

टॅरिन पोरीचा हात धरून निघाली.

तो आला. टोपी काढली, पायपुसण्यावर बूट पुसले, मुलांच्या छोट्या खुर्चीत गुडघे दुमडून बसला.

"पेटाच्या आईला जरा उशीर होतोय," ग्लेनिस म्हणाली.

"होतं असं. आपण सुरू करू."

तिनं वह्या काढल्या. वाचन कसं सुधारलं ते सांगितलं, गणितं दाखवली, भिंतीवरची चित्रं दाखवली. तो मन लावून ऐकत होता. तिचं बोलणं अडखळलं की तोच विचारायचा. मैत्रिणी आहेत का? डबा संपवते का? अजून अंधाराला घाबरते का? ग्लेनिस बोलत राहिली. त्यानं एकदाही दाराकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. याला काही संशय आलेला नाही, असं तिच्या मनात आलं. बाहेर मैदानावर कुणीच नव्हतं. एव्हाना त्या दोघी हायवेला लागल्या असतील. तिच्या छातीवरचं ओझं थोडं उतरलं.

त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्यानं पाहिलं, उठला, खुर्ची जागेवर नीट सरकवली आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"आभारी आहे, मिस," तो म्हणाला. "मागच्या फाटकाशी माझा भाऊ उभा होता. त्याला एवढा वेळ हवाच होता."