माईकवरचा लाल दिवा

ते साल दोन हजार अकरा. रेडिओ केंद्राच्या बैठकीच्या खोलीतली ती पहिलीच व्हिडिओ कॉन्फरन्स. भिंतीवरच्या पडद्यावर मुख्य कार्यालयातले तिघे अधिकारी उमटले.

"नमस्कार! ऐकू येतंय ना आमचं?" मधल्या टकल्या साहेबांनी विचारलं.

टेबलाभोवती बसलेल्या केंद्रप्रमुख, इंजिनियर आणि दोघी निवेदिका अशा चौघांनी हात जोडले, माना डोलावल्या. तोंडातून मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. टेबलाच्या मधोमध बशीएवढा माईक होता आणि त्यावर हिरवा दिवा होता. लाल दिवा लागल्याशिवाय बोलायचं नाही, हे रेडिओवाल्यांच्या हाडीमाशी खिळलेलं.

"बोला, ताई," साहेब म्हणाले.

ताईंनी माईकचं बटण दाबलं. दिवा लाल झाला. सगळ्यांना हायसं वाटलं. इंजिनियरने लगोलग पडद्याचा आवाज बंद केला. माईक उघडला की स्पीकर बंद, नाहीतर शिट्टी वाजते. स्टुडिओत हे आपोआप व्हायचं, इथे त्याने हाताने केलं. हे यंत्र खोक्यातून काढून त्यानेच भिंतीवर चढवलं होतं, वायरी जमिनीला चिकटवल्या होत्या. "काय समजलात? अगदी आपल्या स्टुडिओसारखं!" असं सकाळपासून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता.

प्रश्न धाकटीच्या नोकरीचा होता. केंद्रावर निवेदिका दोन, आणि वरून फर्मान आलं होतं, एकच ठेवा. ताईंना धक्का लागणार नव्हता. जायची ती धाकटी. दोघींचं नातं काहीच नव्हतं, पण आवाज इतके सारखे की ऐकणारे त्यांना बहिणीच समजायचे. त्यावरूनच तिला धाकटी हे नाव पडलं. घरात आई, शाळेत जाणारी मुलगी आणि मिळवती ती एकटी. आज तिचा घसा बसलाय, म्हणून तिची बाजू ताई मांडतील, असं वर कळवलं होतं.

ताईंनी बाजू अशी मांडली की केंद्रप्रमुखांनी रुमाल काढला. मुलगी तापाने फणफणलेली असताना धाकटी पुराच्या बातम्या द्यायला कशी आली, तिच्या आवाजावर म्हातारीकोतारी घड्याळं कशी लावतात, सगळं सांगितलं. पडद्यावर साहेबांनी कानाकडे बोट दाखवलं. "ऐकताहेत," केंद्रप्रमुखांनी खुणेनेच ताईंना धीर दिला. मग दुसऱ्याने हात हलवले. आवरतं घ्या म्हणत असेल, म्हणून ताईंनी वेग वाढवला. केंद्रप्रमुखांच्या खोलीत फोन घणघणत होता. माईक चालू असताना फोन उचलायला कोण जातो?

ताईंनी शेवटचं वाक्य संपवलं आणि बटण दाबलं. दिवा हिरवा झाला.

"सुटले बाई एकदाची!" कागद गोळा करता करता त्या म्हणाल्या. "मेले दगडासारखे बसले होते. त्या मधल्याचं तर नुसतं डोकं चमकत होतं."

इंजिनियर फिदीफिदी हसला.

ताईंनी मान वर केली. समोर धाकटी उभी राहिली होती. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या, डोळ्यांत पाणी. एक हात पुढे आलेला. ताईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"रडू नकोस गं. अगं, गेले चार महिने तुझं संध्याकाळचं बातमीपत्र तुझ्या नावाने मीच वाचतेय. कळलं का कोणाला? घशातली गाठ काढून होईस्तोवर पुढेही वाचीन. मी आहे तोवर तुला इथून कोणी हलवत नाही."

केंद्रप्रमुखांचा रुमाल नाकाशीच राहिला. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इंजिनियरने सवयीने स्पीकर चालू केला.

"ताई," पडद्यावरून आवाज आला, "मघापासून तुमचा माईक बंद होता. लाल दिवा म्हणजे बंद. आम्ही ओरडून सांगत होतो, फोन करत होतो. आत्ता कुठे आवाज आला."

ताई माईककडे वाकल्या.

"अहो, मग मी आधी जे बोलले ते…"

"ते राहू द्या आता. ऐकायचं ते ऐकलं." आणि पडदा काळा झाला.

त्याच आठवड्यात धाकटीला काढलं. ताईंना ताकीद मिळाली आणि संध्याकाळचं बातमीपत्रही मिळालं, या वेळी स्वतःच्या नावाने. निवृत्त होईपर्यंत त्या ते वाचत राहिल्या. इंजिनियरची मुख्य कार्यालयात बदली झाली. तिथे तो नव्या लोकांना हीच यंत्रं बसवायला शिकवतो म्हणे. केंद्रप्रमुख मुलाकडे राहायला गेले आणि तिकडचेच झाले. धाकटीची गाठ महिन्याभरात निघाली. आवाज परत आला, पूर्वीसारखा, किंचित जास्तच गोड. आता ती लहान मुलांना वाचायला शिकवते.

दोघींचं जाणंयेणं सुटलं नाही. त्या दिवसाचा विषय मात्र कोणी काढत नसे. परवा चहा पिताना ताईंना राहवलं नाही.

"तू समोरच होतीस गं," त्या म्हणाल्या. "पडद्याकडे बघत होतीस. त्यांचे चेहरे बदललेले तुला दिसले असतील. आणि नुसती रडत काय उभी राहिलीस?"

धाकटीने कप खाली ठेवला.

"रडत नव्हते हो, ताई," ती म्हणाली. "ओरडत होते."