राखेनं घासलेली गाडी

"दादा, गाडी काय राखेनं घासली का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून दहावीतल्या वैजयंतानं वडिलांच्या वडीगोद्री गावातल्या गॅरेजात गाडी घेऊन आलेल्या इंद्रभानरावांना हे तोंडावरच विचारलं. त्यांची दोन सीटांची लाल विलायती गाडी ओरखड्यांनी म्हशीच्या पाठीसारखी झाली होती.

"आईनं घासली," इंद्रभानराव पुटपुटले. "राख अन् काथ्यानं. घागरीवानी चमकंल म्हणली."

मैत्रिणी तोंडात ओढण्या कोंबून हसल्या. वैजयंताचे वडील, मच्छिंद्र पेंटर, पत्र्यावर बोट फिरवत म्हणाले, "घासून चमक येत न्हाई, मालक. अंगची, कंपनीची व्हती तीबी गेली. वरचा थर आता नव्यानं द्यावा लागंल."

संध्याकाळी घरी आई बेसन अन् अंग घासायचा खरबरीत दगड, वजरी, घेऊन बसलेली. "उद्या पाव्हणे तुला पाहायला येऊन राह्यले. तोंड बराबर खसाखसा घास, रंग उजळंल."

मच्छिंद्र पेंटरांनीही मान डोलावली.



वैजयंतानं वजरी वडिलांच्या हातात ठेवली. "घ्या बाबा, गाडी घासणाऱ्या त्या म्हातारीला नेऊन द्या. अन् पाव्हण्यांना सांगा, येऊ नका. पोरीचा रंग कंपनीचाच ऱ्हाणार, अन् पोरगी उद्या शाळेत जाणार."